एका धावेचा सातवा सामना: १९९१ ची वर्ल्ड सिरीज पिचरने जिंकली की धावणाऱ्याने घालवली?

संथवाचक (धागाकर्ता)

२७ ऑक्टोबर १९९१ रोजी मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये झालेला बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना मी गेल्या आठवड्यात पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत दोनदा पाहिला. मिनेसोटा ट्विन्सने अटलांटा ब्रेव्हजला १-० असे हरवले आणि ती एकमेव धाव दहाव्या इनिंगमध्ये झाली (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने, प्रत्येकी तीन बाद होईपर्यंत फलंदाजी करतात). वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ठरलेल्या नऊ इनिंग संपेपर्यंत एकाही संघाची धाव होऊ नये, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. मिनेसोटाचा पिचर (चेंडू टाकणारा), ३६ वर्षांच्या जॅक मॉरिसने दहाच्या दहा इनिंग एकट्याने टाकल्या. १२६ चेंडूंत त्याने सात हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारे फटके) दिले, आठ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) केले आणि दोघांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंबद्दल फुकट पहिला बेस) दिला, त्यांपैकी एक वॉक तर मुद्दाम दिलेला होता. त्यामुळे हा 'मॉरिसचा सामना' म्हणून ओळखला जातो, यात नवल नाही.

तरीही दुसऱ्यांदा पाहताना माझ्या मनात एक शंका आली आणि ती अजून गेलेली नाही. आठव्या इनिंगमध्ये अटलांटाच्या लॉनी स्मिथने सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा हिट) मारून सुरुवात केली. पुढच्या टेरी पेंडलटनचा फटका डावीकडच्या आणि मधल्या आउटफिल्डरच्या (लांबच्या क्षेत्ररक्षकांच्या) मधून थेट भिंतीपर्यंत गेला. स्मिथ तर चेंडू पिचरच्या हातातून सुटण्याच्या सुमारासच धावू लागला होता, म्हणजे अशा फटक्यावर त्याने होम प्लेट (तिन्ही बेस ओलांडून जिथे पोहोचल्यावर धाव होते) सहज गाठायला हवी होती. पण तो दुसऱ्या बेसपाशी थबकला. मिनेसोटाचा नवोदित चक नॉब्लॉक आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ग्रेग गॅग्नी या दोघांनी चेंडू आपल्याच हाती आल्याचा आव आणला होता, आणि स्मिथ पुन्हा धावू लागेपर्यंत वेळ निघून गेली होती. तो तिसऱ्या बेसवर थांबला. त्या इनिंगमध्ये अटलांटाची धाव झालीच नाही.

माझा प्रश्न असा आहे. स्मिथ थबकला नसता तर बहुधा अटलांटा १-० असे जिंकले असते आणि मॉरिसची हीच खेळी पराभूत पिचरची चांगली खेळी म्हणून कुठेतरी नोंदली गेली असती. शिवाय दोन्ही संघांचे मिळून सतरा हिट झाले, अटलांटाचे सात आणि मिनेसोटाचे दहा. म्हणजे फलंदाजांना चेंडू दिसत नव्हता, असेही म्हणता येत नाही. मग हा सामना उत्कृष्ट पिचिंगने ठरला, असे म्हणणे कितपत योग्य आहे? की धावणाऱ्यांच्या आणि फलंदाजांच्या चुका आपण पिचरच्या खात्यावर जमा करत आलो आहोत?

नववी_इनिंग

तुमचे निरीक्षण अचूक आहे, मात्र तुम्ही ते जिथे थांबवले आहे तिथून खरी गोष्ट सुरू होते. स्मिथ तिसऱ्या बेसवर आणि पेंडलटन दुसऱ्यावर पोहोचला तेव्हा एकही फलंदाज बाद झालेला नव्हता. शून्य-शून्य अशा बरोबरीत, आठव्या इनिंगमध्ये, तिसऱ्या बेसवर माणूस आणि तीनही बाद शिल्लक. कोणत्याही मॅनेजरला विचारा, इथून किमान एक धाव होणारच असे धरून तो पुढचा विचार करील. आउटफिल्डकडे जरा लांब उडालेला झेलसुद्धा पुरेसा होता, कारण झेल घेतल्यावरही तिसऱ्या बेसवरचा माणूस होम प्लेटकडे धावू शकतो. म्हणजे स्मिथच्या चुकीने अटलांटाची धाव हिरावली नव्हती, फक्त लांबवली होती. ती प्रत्यक्षात होऊ न देण्याचे काम त्यानंतर झाले.

आता ते कसे झाले ते पाहा. रॉन गँटच्या बॅटला लागून चेंडू हळूच पहिल्या बेसकडे सरपटत गेला. पहिल्या बेसवरच्या केंट हर्बेकने त्याला बाद केले आणि दोन्ही धावपटूंना जागचे हलता आले नाही. मग डेव्हिड जस्टिसला मुद्दाम वॉक देऊन तिन्ही बेस भरले. हे वरवर आत्मघातकी वाटते, पण बेस भरले की प्रत्येक धावपटूला पुढे पळणे भाग पडते, त्यामुळे त्याला हात लावून बाद करावे लागत नाही, चेंडू हातात घेऊन बेसवर पाय ठेवला तरी पुरते. पुढचा फलंदाज सिड ब्रीम होता आणि गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियांमुळे तो संथ धावत असे. त्याचाही चेंडू जमिनीवरून हर्बेककडेच गेला. हर्बेकने तो होम प्लेटवर कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) ब्रायन हार्परकडे फेकला, स्मिथ बाद झाला, आणि हार्परने परत हर्बेककडे फेकून ब्रीमलाही बाद केले. स्कोअरच्या वहीत याची नोंद ३-२-३ अशी होते, कारण पहिल्या बेसच्या खेळाडूचा क्रमांक ३ आणि कॅचरचा २ असतो. आयुष्यभर स्कोअर लिहिणाऱ्यांच्याही वहीत हे तीन आकडे या क्रमाने फार वेळा येत नाहीत.

(ब्रीमविषयी एक आठवण इथेच नोंदवतो. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, नॅशनल लीगच्या (वर्ल्ड सिरीजला संघ पाठवणाऱ्या दोन लीगपैकी एक) अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पिट्सबर्गविरुद्ध दुसऱ्या बेसवरून धावत येऊन विजयी धाव काढणारा माणूस हाच. संथ पायांच्या माणसाला खेळाने दिलेली ती भरपाई मला नेहमी आनंद देते.)

स्मिथविषयीही न्याय्य असावे, असे मला वाटते. आपण त्या हुलकावणीला फसलो नव्हतो, चेंडू कुठे गेला ते दिसले नाही म्हणून थांबलो, असे त्याने नंतर सांगितले आहे. मेट्रोडोमच्या पांढुरक्या छताखाली चेंडू नजरेतून निसटणे ही नित्याची गोष्ट होती, त्यामुळे मला त्याचे म्हणणे पटते. धावताना एकदा मान वळवून फलंदाजाकडे पाहिले नाही, एवढी त्याची चूक. या एका क्षणावरून त्याला वर्षानुवर्षे दोषी धरले गेले, ते मात्र अन्यायाचे आहे, कारण त्याच्यानंतर आलेल्या तिघांपैकी दोघांना चेंडू इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या आतल्या मैदानाच्या, बाहेरही काढता आला नाही.

शिवण_आणि_पकड

सतरा हिटचा मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो. तुमच्या प्रश्नाचा तोच अधिक सकस भाग आहे, असे मला वाटते.

एक विरुद्ध शून्य असे सामने दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत बेसवर कोणी येतच नाही. ९ सप्टेंबर १९६५ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये सँडी कोफॅक्सने शिकागो कब्जच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना बाद केले, त्यांतील चौदा स्ट्राइकआउट. समोरच्या बॉब हेंडलीने त्या रात्री एकच हिट दिला, आणि विशेष म्हणजे सामन्यातली एकमेव धाव त्या हिटवर झालीच नाही. पाचव्या इनिंगमध्ये लू जॉन्सनला वॉक मिळाला, तो बंटवर (बॅटने चेंडू फक्त हळूच ढकलणे) दुसऱ्या बेसवर गेला, तिसरा बेस त्याने चोरला (फटका नसतानाच धावून गाठला) आणि कॅचरची फेक भरकटल्यावर तो घरी पोहोचला. दोन्ही संघांचा मिळून एक हिट. हे पिचिंग सरळ आकड्यांत दिसते, त्यासाठी समजावून सांगणारा कोणी लागत नाही.

१९९१ चा सामना दुसऱ्या जातीचा आहे. इथे माणसे बेसवर येत होती आणि दर वेळी तिथेच अडकून पडत होती. या जातीचे पिचिंग ओळखायला अवघड असते, कारण त्याचे श्रेय नशिबाला किंवा समोरच्याच्या चुकीला देणे सोपे जाते. पाचव्या इनिंगकडे परत जा. एक बाद असताना तिसऱ्या बेसवर मार्क लेम्की आणि पहिल्यावर हाच लॉनी स्मिथ होता. पेंडलटनचा फटका उंच पण आखूड उडाला आणि गँट स्ट्राइकआउट झाला. त्या वेळी ना कोणी थबकले होते, ना कोणी हुलकावणी दिली होती. आठव्या इनिंगमधला प्रसंग हा अपवाद नव्हता, तीन इनिंगपूर्वी केलेले काम मॉरिसने अधिक कठीण परिस्थितीत पुन्हा केले.

यामागचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. मॉरिसचे मुख्य शस्त्र फोर्कबॉल जातीचा चेंडू होते. तर्जनी आणि मधले बोट फाकवून त्यांच्यामध्ये चेंडू धरला की तो सुटताना त्याला फिरकी कमी मिळते. वेगवान चेंडूला मागच्या दिशेने भरपूर फिरकी असते आणि हवा त्याला थोडे उचलून धरते. फिरकी कमी झालेल्या चेंडूला तो आधार मिळत नाही आणि प्लेटजवळ येताना तो खाली बसतो. माउंडपासून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यापासून, होम प्लेटचे अंतर ६० फूट ६ इंच आहे, आणि ताशी ९० मैल वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. मारायचे की सोडायचे, हे त्याच्या अर्ध्या वेळात ठरवावे लागते. तोपर्यंत दोन्ही चेंडू सारखेच दिसतात. त्यामुळे बॅट चेंडूच्या वरच्या भागावर बसते आणि फटका जमिनीवरून सरपटत जातो. बेसवर माणसे असताना पिचरला हवे असते ते हेच. गँटला आणि ब्रीमला टाकलेला तो एकेक चेंडू फोर्कबॉलच होता, असा माझा दावा नाही. पण ज्याच्या हाती असा चेंडू आहे त्याच्यासमोर उभ्या फलंदाजाला प्रत्येक चेंडूला त्याचा विचार करावा लागतो, आणि वेगवान चेंडूसुद्धा त्याला नीट मारता येत नाही.

बुलपेनचा_पहारेकरी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एका माणसाचे नाव आलेलेच नाही, याची मला खंत वाटते. तो म्हणजे अटलांटाचा जॉन स्मोल्ट्झ. वय २४. मिशिगनमध्ये वाढलेला हा मुलगा डेट्रॉइट टायगर्सचा चाहता होता, आणि १९८४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच टायगर्ससाठी दोन सामने पूर्ण टाकून जिंकणारा मॉरिस त्याचा आदर्श होता. टायगर्सने स्मोल्ट्झला आपल्याकडे घेतले, पण १९८७ मध्ये डॉइल अलेक्झांडरच्या बदल्यात अटलांटाला देऊन टाकले. चार वर्षांनी तो आपल्या आदर्शाच्या समोर, वर्षातल्या शेवटच्या सामन्यात, सात इनिंग शून्यावर टाकत होता. दहाच दिवसांपूर्वी नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत पिट्सबर्गविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याने प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नव्हती, हेही लक्षात घ्या.

आठव्या इनिंगच्या उत्तरार्धात मिनेसोटाच्या रँडी बुशने आणि नंतर नॉब्लॉकने सिंगल मारले, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसे आली, एक बाद होता. अटलांटाचे मॅनेजर बॉबी कॉक्स यांनी स्मोल्ट्झला काढून माइक स्टँटनला आणले. कर्बी पकेटला मुद्दाम वॉक देऊन बेस भरले गेले. हर्बेकचा फटका सरळ लेम्कीच्या हातात गेला आणि त्याने दुसऱ्या बेसवर पाय ठेवून एकट्यानेच डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन बाद) पूर्ण केला. म्हणजे आठव्या इनिंगच्या दोन्ही अर्ध्या भागांत बेस भरलेले होते, एकेक फलंदाज बाद होता आणि दोन्ही भाग डबल प्लेनेच संपले. धागाकर्त्यांनी अटलांटाची हुकलेली संधी मोजली आहे, मिनेसोटाची मोजलेली नाही. नवव्या इनिंगमध्येही चिली डेव्हिस आणि हार्पर दोघेही बेसवर पोहोचले, एकही बाद नव्हता, आणि दुखावलेल्या स्टँटनच्या जागी आलेल्या अलेहान्द्रो पेन्याने शेन मॅककडून डबल प्ले मिळवून आणि पॉल सोरेंटोला स्ट्राइकआउट करून तेही संकट परतवले. तेव्हा चुकलेल्या संधींचा हिशेब लावायचा असेल तर तो दोन्ही बाजूंचा लावावा लागेल, आणि तसा लावला तर स्मिथचा प्रसंग अनेकांपैकी एक ठरतो.

मॉरिसच्या बाबतीत वेगळे काय घडले, तर त्याला कोणी बदलले नाही. नऊ इनिंग झाल्यावर मॅनेजर टॉम केली यांचा विचार त्याला थांबवण्याचा होता आणि रिक अगिलेरासारखा शेवटचे बाद मिळवण्यात तरबेज पिचर हाताशी होता. मॉरिसने थांबायला नकार दिला, पिचिंग प्रशिक्षक डिक सच यांनी त्याची बाजू घेतली आणि केलींनी मन बदलले. दहाव्या इनिंगमध्ये अटलांटाचे तिघेही ओळीने बाद झाले. मॉरिस १९, २३ आणि २७ ऑक्टोबरला खेळला, म्हणजे प्रत्येक वेळी मध्ये फक्त तीन दिवसांची विश्रांती, आणि तीन सामन्यांतल्या तेवीस इनिंगमध्ये त्याने तीनच धावा दिल्या. आजचा कोणताही मॅनेजर त्याला सातव्या किंवा आठव्या इनिंगमध्येच काढील, कारण एकाच पिचरला तिसऱ्या-चौथ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज त्याला अधिक चांगला ओळखतो, हे आता सर्वमान्य आहे. आठव्या इनिंगमध्ये स्मिथ आणि पेंडलटन मॉरिसला चौथ्यांदाच खेळत होते, आणि त्यांनी हिट मारले. म्हणजे आजचे शास्त्र त्या रात्रीही खरेच होते. त्याला पुरून उरणारा माणूस माउंडवर होता, एवढाच फरक.

संथवाचक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मिनेसोटाच्या हुकलेल्या संधी मी मोजल्या नव्हत्या, ही माझी चूक मान्य करतो. पाचवी इनिंग काल रात्री पुन्हा पाहिली. गँट बाद होतो तेव्हाचा मॉरिसचा चेहरा पाहून माझा निम्मा प्रश्न सुटला.

तरी एका ठिकाणी मी अजून अडतो. जर पिचिंग इतके भक्कम होते, तर अखेरीस धाव झाली ती कशाने? दहाव्या इनिंगमध्ये डॅन ग्लॅडनचा फटका काही जोरदार नव्हता. पेन्याने टाकलेला चेंडू वाईट होता, असेही मला दिसले नाही.

नववी_इनिंग

तुम्ही पाहिले ते बरोबर आहे, चेंडू वाईट नव्हता. ग्लॅडनची बॅट मोडली, चेंडू डावीकडच्या मधल्या भागात अलगद पडला आणि मेट्रोडोमच्या कृत्रिम गवतावरून उंच उसळला. तो उसळून खाली येईपर्यंत ग्लॅडन पहिल्या बेसवर न थांबता दुसऱ्यावर जाऊन पोहोचला. इथे मला स्मिथ आठवतो. दोन इनिंगपूर्वी भिंतीपर्यंत गेलेल्या फटक्यावर एक माणूस थबकला होता, आणि आता मोडक्या बॅटच्या फटक्यावर दुसरा माणूस क्षणभरही थबकला नाही. त्यानंतर नॉब्लॉकने बंट करून त्याला तिसऱ्या बेसवर पोहोचवले. पकेट आणि हर्बेक या दोघांनाही मुद्दाम वॉक देऊन बेस पुन्हा भरले गेले, कारण आता कोणत्याही बेसवर बाद करण्याची सोय अटलांटाला हवी होती. आठव्या इनिंगमध्ये दोन्ही संघांना तारणारा उपाय हाच होता.

आउटफिल्डर पुढे बोलावलेले होते, कारण मागे पडलेल्या चेंडूवर धाव होणारच होती. गुडघा दुखावलेला जीन लार्किन बदली फलंदाज म्हणून आला आणि त्याने पहिलाच चेंडू डाव्या-मधल्या भागात त्यांच्या डोक्यावरून मारला. एरवी तो कदाचित साधा झेल ठरला असता.

बुलपेनचा_पहारेकरी

एवढीच भर घालतो. या एका रात्रीच्या जोरावर मॉरिसला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) घ्यावे की नाही, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. पत्रकारांच्या मतदानात पंधरा वर्षांत त्याची निवड झाली नाही, आणि अखेर २०१८ मध्ये एका समितीच्या निर्णयाने तो तिथे पोहोचला. स्मोल्ट्झ त्याच्या तीन वर्षे आधी, २०१५ मध्ये गेला होता. विरोध करणारे मॉरिसच्या कारकिर्दीतल्या, दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या ३.९० या सरासरीकडे बोट दाखवतात, कारण तिथे असलेल्या पिचरांमध्ये ती सर्वांत जास्त आहे. मला तो आक्षेप गंभीर वाटतो आणि एका सामन्याने त्याचे उत्तर देता येते, असे मी मानत नाही. या धाग्यातला प्रश्न मात्र एका सामन्याचाच आहे.

शिवण_आणि_पकड

संथवाचक, तिसऱ्यांदा पाहाल तेव्हा लार्किनच्या फटक्यानंतर चेंडूकडे पाहू नका, होम प्लेटकडे पाहा. ग्लॅडन तिसऱ्या बेसवरून चालत्या पावलांनी येऊ शकला असता, इतका वेळ त्याच्याकडे होता. तो उडी मारून दोन्ही पाय प्लेटवर ठेवतो, आणि तिथे त्याची वाट पाहत सर्वांत पुढे उभा असलेला माणूस जॅक मॉरिस आहे. त्याच्या अंगावर जाकीट आहे का तेही पाहा. अकराव्या इनिंगची त्याची तयारी होती की नव्हती, यावर माझे आणि माझ्या एका मित्राचे अजून एकमत झालेले नाही.